किल्ली बसने गेली

नवी गाडी बटणाची घ्यायची, हे मी केवळ साडूंना जळवण्यासाठी ठरवलं. त्यांची गाडी वीस वर्षांची. तिची लोखंडी किल्ली ते सुतळीला बांधून गळ्यात घालतात.

"आमची किल्ली खिशातून काढावीच लागत नाही," मी त्यांना फोनवर दोनदा सांगितलं. (पहिल्यांदा ते जळले नाहीत म्हणून.)

मग बायको आठ दिवस बहिणीकडे, म्हणजे या साडूंकडेच, निघाली. आठ दिवस एकटा! एवढी मोठी सुटी ऑफिसनंही मला कधी मंजूर केली नव्हती. आनंदाच्या भरात मी तिची बॅग स्वतःहून उचलली. (तिला तिथेच संशय आला.)

"किल्ली तुझ्या पर्समध्ये टाक आणि गंमत बघ." मी बटण दाबलं. गाडी सुरू!

"म्हणजे हिला किल्ली लागत नाही?"

"लागते. पण नुसती जवळ असली की पुरे."

"तुमच्यासारखीच म्हणायची. काम काही नाही, नुसतं जवळ बसायचं."

तिला बसमध्ये बसवलं आणि मी शीळ घालत निघालो. इंजिन चालूच होतं. गाडी मात्र टुंग टुंग वाजायला लागली. मी पट्टा आवळला, दारं आपटून पाहिली. तरी टुंग टुंग. नव्या गाड्या बोलक्या असतात, अशी मी समजूत करून घेतली. (निवृत्त माणसाशी एरवी बोलतं कोण?) घरी जायची घाई नव्हती. तासभर मनसोक्त हिंडलो आणि पेट्रोल पंपावर गाडी बंद केली.

ती पुन्हा सुरू होईना. मागे हॉर्न वाजू लागले.

"काका, किल्ली?" पंपावरच्या बाईंनी विचारलं.

"पर्समध्ये."

"पर्स?"

"बायकोकडे."

"आणि काकू?"

"परगावी."

रांगेतल्या चौघांनी गाडी ढकलत कडेला नेली. मी आत बसून स्टिअरिंग धरलं होतं. वरातीतला नवरदेवही इतका अवघडत नसेल.

बायकोला फोन केला. "अगं, चालू होती तोवर गाडी धावली, आता सुरूच होत नाही. किल्ली तुझ्याकडे राहिली!"

"राहिली कशी? तुम्हीच दिलीत. आत्ता कुठे ताईच्या दारात पाय ठेवतेय. थांबा तिथेच!"

जाणार कुठे होतो?

दीड तासाने साडूंची गाडी खडखडत आली. आधी बायको उतरली, मग मेव्हणी, मग तीन बॅगा.

"भावोजी, तुम्हाला एकटं ठेवण्यात अर्थ नाही," मेव्हणी म्हणाली. "म्हटलं, आपणच राहायला जाऊ."

"किती दिवस?" मी बॅगा मोजत विचारलं.

"आठच," असं म्हणत साडू माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसले. "ही चालवायला शिकायला तेवढे पुरेत. तुम्ही तोवर मागे बसा."