काकांनी नुसता वास घेतला

या, जरा जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं, कारण आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे ते काका जन्मभर मागच्याच रांगेत बसले होते.

प्रार्थनेच्या सभागृहात काका कित्येक वर्षं मागून सूर धरत. आवाज गोड, भाव निर्मळ. पण लोकांसमोर उभं केलं की घसा असा बंद व्हायचा, जणू कोणी कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकली. त्या रविवारी मुख्य गायकबुवांचाच आवाज बसला आणि निरोप आला, "संध्याकाळी सहाला तुम्ही पुढे उभं राहायचं." झालं! काका सकाळपासून घरभर येरझारा घालू लागले. काकू ज्या खोलीत केर काढायला जात, नेमके त्याच खोलीत काका.

"अहो, एका जागी बसा, नाहीतर कुठेतरी फिरून तरी या!"

पुतण्याने ही संधी साधली. लग्नाच्या वाढदिवसाला सूनबाईबरोबर गावाबाहेरच्या रस्त्यावरच्या छोट्या छोट्या वायनरी बघायच्या, हा त्याचा बेत. चाखायचं म्हणजे गाडी चालवायला न पिणारा हवा, आणि न पिण्यात काकांचा हात कोण धरणार?

"तीनच ठिकाणं, काका. चारच्या आत घरी."

"शब्द?"

"शब्द!"

पहिल्या ठिकाणी टेबलावर पेले मांडलेले, शेजारी उरलेली वाईन ओतायला एक भांडं. मालकाने काकांच्याही हातात पेला दिला. यजमानाने प्रेमाने दिलेलं तोंडावर नाकारणं काकांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात संध्याकाळची चाल घोळवू लागले. ओठ हलत होते. वरचा सूर आठवेना तेव्हा कपाळाला आठी पडली. मग डोळे उघडून त्यांनी सगळी वाईन भांड्यात ओतली आणि घड्याळाकडे पाहिलं.

मालकाचा चेहरा उतरला. त्याने सूनबाईला बाजूला घेतलं.

"हे साहेब कोण?"

"आमचे काका आहेत."

"ते झालं हो. पण एक थेंब न गिळता नुसत्या वासावर निकाल देतात! आमचं काही चुकलं का?"

सूनबाई हसून म्हणाली, "त्यांचं मन दुसरीकडेच आहे." मालकाने त्याचा अर्थ लावला, की साहेब दुसऱ्या कुणाची वाईन निवडणार. त्याने लगेच शेजाऱ्याला फोन लावून कळवलं, कोणी मोठा वाईनपारखी फिरतोय.

त्यामुळे दुसऱ्या ठिकाणी मालक, मालकीण आणि मालकाचे व्याही फाटकातच उभे! काकांना उंच पाठीची खुर्ची मिळाली. पेल्यांमागून पेले आले. काका वास घेत, डोळे मिटत, ओतत, घड्याळ बघत. ते जितके अस्वस्थ, तितके मालक घायकुतीला.

"साहेब, हीसुद्धा नाही आवडली?"

"छान आहे हो, पण मला निघायचंय."

"ऐकलंस? छान आहे म्हणाले आणि निघाले!" मालकीण नवऱ्यावर कडाडली. "तरी मी सांगत होते, पिंपं बदला!"

काकांनी ओतलेलं पाहून पुतण्याचा जीव तळमळायचा. म्हणून तिसऱ्या ठिकाणी काकांचा पेला भांड्याकडे वळायच्या आत तोच मध्ये झेलू लागला. तिथल्या मालकाने तर तळघर उघडून वडिलांनी जपलेली बाटली काढली आणि दारात आडवा उभा राहिला.

"एक घोट, साहेब. बापाच्या आत्म्याला बरं वाटेल."

"अरे बाबा, पाच वाजले!" काका रडकुंडीला आले. "तिकडे लोक जमतील!"

सूनबाईने एका हाताने काकांना आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याला धरून गाडीत कोंबलं. पुतण्या मागे बसल्या बसल्या घोरू लागला.

वाटेत काकांचा घसा कोरडा ठणठणीत पडला. रस्त्याकडेला एका म्हातारीचा इवलासा द्राक्षमळा होता. ना पाटी, ना पेले. काकांनी पाणी मागितलं.

"पंप बंद पडलाय, बाबा. द्राक्षांचा रस देऊ?"

"दारू नाही ना?"

"अजून तरी नाही," म्हातारी म्हणाली. "बूच घट्ट लावू नका, आणि आजच संपवा."

काकांनी दोन्ही हातांनी बाटली घेतली, कपाळाला लावली आणि जपून शेजारी बसलेल्या सूनबाईच्या मांडीत ठेवली. बापाची बाटली घेऊन मोटरसायकलवरून मागे आलेल्या तिसऱ्या मालकाने हे डोळ्यांनी पाहिलं आणि जागच्या जागी ब्रेक दाबला.

सहाच्या ठोक्याला काका सभागृहात पोचले. समोर भरलेल्या खुर्च्या दिसल्या आणि घशाला कुलूप बसलं. म्हातारीचा शब्द आठवला, आजच संपवा. उन्हात दिवसभर तापलेल्या त्या गाडीत रस अजूनच फसफसू लागला होता. पडद्यामागे काकांनी बाटली तोंडाला लावली. जिभेला गुदगुल्या झाल्या, कान गरम झाले.

मग काका जे गायले, ते काय सांगू! तीन कडव्यांची प्रार्थना, तिची नऊ कडवी झाली. पाठ नव्हती ती कडवी देवाने पुरवली. पहिल्या रांगेत गायकबुवा बसल्या आवाजाने "वा!" म्हणत होते. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी परतताना काका रस्त्यातच दहावं कडवं उचलणार, तेवढ्यात गाणं ऐकायला आलेल्या काकूंनी विचारलं, "काय प्यायलात?"

"रस."

काकूंनी रिकामी बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग म्हणाल्या, "हं. रसच आहे." आणि बाटली पिशवीत घातली.

पुढच्या रविवारी गायकबुवांनी स्वतःच काकांना पुढची जागा दिली. दुपारीच काकू पिशवी घेऊन दाराशी तयार.

"चला. तुमच्या घशाचं औषध आणायचंय."

म्हातारीच्या मळ्यापाशी तिन्ही वायनरींचे मालक रांगेत उभे होते. तिच्याकडे सगळं संपलं होतं. गाडीतच बसून राहिलेल्या काकांना ओळखून तिने मात्र पदराआडून एक बाटली काढून काकूंच्या हातात दिली. "बाबांसाठी ठेवली होती. त्यांना म्हणावं, पंप दुरुस्त झाला. आता पाणीसुद्धा आहे."

काकूंनी जरा विचार केला.

"राहू द्या पाणी," त्या म्हणाल्या.

तर मंडळी, पुढच्या रांगेत उभं राहायची पाळी आली आणि घसा दाटला, तर त्या म्हातारीची आठवण ठेवा. तिच्या वेलींना पाऊस मिळो, एवढं देवाजवळ मागा. आणि हो, तिने काय दिलं होतं, ते काकांना मात्र कुणी सांगू नका.