धोंडूअण्णांचा ‘हाऽऽ’

धोंडूअण्णा कुणाला नमस्कार करत नाहीत. जवळ येतात, नाक थेट तुमच्या तोंडाशी आणतात आणि म्हणतात, “हाऽऽ कर.”

मी महाडचा शाळामास्तर. दारू सोडलेल्या माणसांचा खालूबाजा, म्हणजे लग्नात वाजवणारं पथक, दर रविवारी आमच्या शाळेच्या एका खोलीत तालमीला बसतो. सनई, ढोल, टिमकी आणि झांज. खोलीची किल्ली माझ्याकडे, एवढाच माझा संबंध होता. पण झांजवाला मिळेना म्हणून अण्णांनी मलाच धरलं. मी जन्मात थेंबाला शिवलेलो नाही, तरी दर रविवारी दारात माझंही तोंड हुंगलं जातं. पहिल्यांदा मी भडकलोच.

“गुरुजी,” अण्णा शांतपणे म्हणाले, “न पिणाऱ्याला हा करायला लाज कसली?”

मी तोंड उघडून हा केला.

अण्णा कापडे गावचे. सनई वाजवतात. नाक असं की पोलिसांच्या कुत्र्यानं शिकवणी लावावी. लवंग, वेलची, पेरूचा पाला, सगळे डाव त्यांना पाठ आहेत, कारण ते सगळे त्यांनी स्वतः खेळलेले आहेत. एकजण कच्चा कांदा खाऊन आला होता. अण्णा डोळे पुसत म्हणाले, “कांदा कळला. कांद्याच्या खाली काय हाय ते सांग.” त्यानं तिथंच पाय धरले.

“अण्णा, तुमचा हा कोण घेतं?” मी एकदा चिडवलं.

“माझा घरी घेतात. लय कडक हाय ती.” वहिनींचा दरारा आम्ही त्यावरून ताडला.

मागल्या उन्हाळ्यात वरंधच्या एका लग्नाची सुपारी आली. ढोलवाला महादू आमच्यात सगळ्यांत नवा. पुन्हा प्यायलास तर पोरांना घेऊन कायमची माहेरी जाईन, असं बायकोनं त्याला बजावलेलं. निघताना अण्णांनी त्याचा हा दोनदा घेतला.

जेवणं उरकली, वरात निघायची वेळ झाली, आणि नवऱ्या मुलाचा मामा ताट घेऊन आमच्यापुढं आला. ताटात नारळ, विडा आणि दारूची बाटली. वाजंत्र्यांचा मान. आमच्या भागात ही रीत जुनी आहे, आणि मान नाकारणं म्हणजे घराचा अपमान.

“मामा, नारळ घेतो, विडा घेतो,” अण्णा हात जोडून म्हणाले. “बाकी राहू द्या.”

“का? आमचा मान तुमाला चालत नाय? नायकानं ओठाला लावल्याबिगर वरात हलायची नाय.”

नवरानवरी ताटकळत उभी. महादूची नजर बाटलीवरून हटेना; कोरड्या ओठांवरून त्यानं जीभ फिरवलेली मी पाहिली. अण्णांनीही पाहिली.

त्यांनी विडा तोंडात टाकला. मग बाटली उचलली आणि बूच काढलं.

अण्णांनी बाटली नाकाशी नेली आणि डोळे मिटून घेतले. बाटली हातात कलत गेली आणि दारू मनगटावरून सदऱ्याच्या बाहीत उतरली. हा माणूस प्यायला तर महादू पिणार, त्याच्यामागं टिमकीवाला, आणि रविवारी मी रिकामी खोली उघडून बसणार. मला त्या मामाच्या टाळक्यात झांज घालावीशी वाटली.

अण्णांनी डोळे उघडले.

“मान मोठा हाय, मामा. मोठ्यालाच देतो.”

मांडवाबाहेर खळ्याच्या कडेला शेंदूर फासलेला राखणदार देवाचा दगड होता. अण्णा त्याच्यापुढं जाऊन वाकले आणि अख्खी बाटली तिथं रिती केली. “बा राखणदारा, ह्या घरचा मान तू घे. आमाला नुसतं वाजवू दे.”

राखणदाराला पोचलेली दारू परत कोण मागणार? मामांनी चरफडत का होईना, हात जोडले. अण्णांनी सनई ओठाला लावली. पहिले सूर फाटके निघाले, दम पुरत नव्हता. तेवढ्यात महादूनं ढोलावर काठी टाकली, आणि वरात हलली.

संध्याकाळी मोटारसायकलवरून अण्णांना कापड्याला सोडायला गेलो. त्यांच्या घरी जायची माझी पहिलीच वेळ. वाटभर ते ओली बाही अंगापासून लांब धरून बसले होते. दाराला कुलूप बघून मी चमकलो. अण्णांनी ते काढलं, दार ढकललं, पण उंबऱ्याबाहेरच थांबले. समोरच्या भिंतीवर, बरोबर त्यांच्या तोंडाच्या उंचीवर, हार घातलेला वहिनींचा फोटो होता.

“जिती होती तेवा रोज दारात उभी राहायची. हा करा, म्हणायची. मी ढकलून आत जायचो,” अण्णा म्हणाले. “आता रोज देतो.”

“मग द्या की आजपण.”

“आज बाहीला वास हाय, गुरुजी. माझं नाय ऐकायची ती. तिच्याशी कधी खरं बोललो नाय. तुमी सांगा.”

मी फोटोकडे वळलो, तर अण्णांनी माझं मनगट धरलं.

“न हुंगता सांगू नका!” आणि वाकून माझ्या तोंडासमोर तोंड आणलं. “हाऽऽ.”

लग्नातल्या वांग्याच्या भाजीचा वास होता, आणि विड्याचा. मी फोटोपुढं हात जोडून म्हणालो, “वहिनी, फक्त बाहीला आहे.”

“आलो गो,” असं म्हणून अण्णा आत गेले.