म्हातारीचा दाब

“इंजिन म्हणजे काय हो शेवटी? हवा, पेट्रोल आणि ठिणगी! यात न कळण्यासारखं आहे काय?” असं बाळनं जाहीर केलं आणि त्याच्या बायकोनं मुकाट्यानं चांगल्या चादरी उचलून कपाटात ठेवल्या.

बाळ साठीला टेकला होता. पण भावंडांत सगळ्यात धाकटा, म्हणून अजून बाळच. रविवारी सगळी भावंडं जमणार होती, आणि त्यानं ताईला फोनवर शब्द देऊन टाकला होता. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या बोटीतून, अप्पांच्याच इंजिनावर सगळ्यांना खाडीपलीकडच्या वाळूवर नेणार! लहानपणी सुट्टीत अप्पा न्यायचे, अगदी तसं! अप्पा गेल्यापासून बोट शेडमध्ये पालथी पडली होती आणि इंजिन पोत्यात गुंडाळलेलं. ताई म्हणाली होती, “चालू झालं तर ठीक, नाहीतर देऊन टाकू कुणाला तरी. अशी पडलेली बघवत नाही रे.” ते ‘देऊन टाकू’ बाळच्या जिव्हारी लागलं होतं.

इंजिन बोटीच्या मागे अडकवायचं, टू-स्ट्रोक, बाळपेक्षा थोडंसंच लहान. बाळ त्याला ‘म्हातारी’ म्हणायचा. परसात लाकडी घोडीवर चढवून त्यानं सगळा जोर लावून दोरी ओढली. दोरी आली ती लोण्यातून सुरी यावी तशी! बाळ थेट मागच्या कर्दळीत जाऊन बसला.

बसल्या बसल्या त्याला अप्पा आठवले. तेव्हा ही दोरी माणसालाच उलटी खेचायची. अप्पा फळीला पाय रोवून, दात आवळून ओढायचे आणि पोरं श्वास रोखून बघायची. “दम आहे हिच्यात!” असं म्हणत अप्पा लाल झालेला तळहात चोळायचे.

आता तोच दम गेला होता. बाळ मिस्त्रीकडून दाब मोजायचं गेज घेऊन आला. प्लग काढून तिथं गेज बसवलं, दोरी ओढली, तर काटा अर्ध्यावर जाऊन बसला. बाळनं मिस्त्रीला फोन लावला. इंजिनांच्या आवाजात जन्म गेल्यामुळे मिस्त्रीला कमी ऐकू यायचं, म्हणून बाळ ओरडूनच बोलला.

“मिस्त्री, म्हातारीचा दाब फार उतरलाय! काय? चमचाभर तेल घालून बघू? बरं!”

थोड्या वेळानं पुन्हा फोन. “तेल घातल्यावर दाब एकदम चढला हो! अच्छा, तेलानं फट बुजली म्हणून होय? म्हणजे रिंगा गेल्या! मग काय, आजच उघडतो. हो, मी स्वतःच! आधी डोकं काढतो!”

कुंपणापलीकडे शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांना म्हातारी एकच ठाऊक होती, ती म्हणजे बाळची आई. दाब उतरला, कानातल्या रिंगा गेल्या आणि आता हा स्वतःच डोकं काढणार! काकूंनी ओली चादर तशीच टाकली आणि ताईला फोन लावला.

इकडे जेवणाच्या टेबलावर डोकं, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढून इंजिन उघडलं गेलं. पिस्टनच्या खाचांत काजळी अशी जमली होती की दाब धरून ठेवणाऱ्या रिंगा जागच्या हलत नव्हत्या. बाळनं बायकोच्या लाडक्या पातेल्यात रॉकेल ओतून पिस्टन भिजत घातला. बायकोनं उरलेली पातेलीही चादरींच्या कपाटात हलवली! काजळी खरवडताना एक रिंग कट्‌कन मोडली. बाळ जाऊन नवा जोड घेऊन आला. एवढ्यात दाराची बेल वाजली.

दार आईनंच उघडलं. समोर ताई, भाऊजी आणि पाठीमागे चुलत भावंडं, सगळी दोन दिवस आधीच! चेहरे सुतकी, हातात संत्री.

“आई!” म्हणून ताईनं आईच्या गळ्यात पडून हंबरडाच फोडला.

“अगबाई! काय झालं?” आईनं घाबरून जावयाला न्याहाळलं. “हे तर धडधाकट दिसतायत!”

“तुला काय झालंय ते सांग! बाळ कुठाय? काय उघडलंय त्यानं तुझं?”

बाळ कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन बाहेर आला. “ताई, आलीस? आतून स्वच्छ केलंय सगळं. डोकं उद्या बसवतो!”

ताईच्या हातातली संत्री जमिनीवर गडगडली. सगळा उलगडा झाला तेव्हा आई म्हणाली, “मला अजून अवकाश आहे. पण संत्री राहू देत!”

मग आलीच आहेत तर सगळी टेबलाभोवती जमली. नव्या रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनांशी नेमकी जुळवून दाबून धरायची आणि वरून सिलिंडर सरकवायचा, हे दोन हातांचं काम नव्हे. ताईनं पदर खोचला. “लहानपणी असंच तुझं बोट दारातून सोडवलं होतं,” असं म्हणत तिनं रिंगा धरल्या आणि सिलिंडर अलगद बसला.

दुसऱ्या दिवशी परसात पाण्याच्या पिंपावर इंजिन अडकवलं. बाळनं दोरी ओढली, तर दोरीनंच बाळला खेचलं! “दम आला!” तो आनंदानं ओरडला. आणखी एक हिसडा दिल्यावर इंजिन धडधडलं. आत राहिलेलं तेल जळायला लागलं आणि निळ्या धुराचा असा डोंगर उठला की माणसाला माणूस दिसेना!

“आग! आग!” करत काकू धावल्या आणि कुंपणावरून त्यांनी बादली रिकामी केली. सबंध बादली भाऊजींवर!

पण हसलं कुणीच नाही. त्या धुराचा वास सगळ्यांच्या नाकात गेला होता. ताई डोळे पुसत म्हणाली, “सुट्टी लागल्यासारखं वाटतंय रे.” डोळ्यांत धूरही गेला होता म्हणा!

रविवारी सगळी बोटीत बसली. आई मधल्या फळीवर, अप्पांच्या बाजूला बसायची तिथंच. पहिल्याच हिसड्याला इंजिन सुरू झालं. बाळ अप्पांसारखा तळहात चोळत म्हणाला, “आता बघा!”

सगळ्यांनी बघितलं. पावलं ओली झाली होती. मग घोटे. मग आईच्या साडीचा काठ. बोट काठापासून दोन वावही गेली नसेल, आणि गुडघाभर पाण्यात ती सावकाश, अदबीनं तळाला टेकली! इंजिन मात्र ठणठणीत. ते शेवटी बाळलाच हातानं बंद करावं लागलं.

आईनं कपाळाला हात लावला. “अरे, इतकी वर्षं सुकलेलं लाकूड! फळ्यांच्या फटी नाही का पडणार? तुमचे अप्पा सुट्टीआधी बोट पाण्यानं भरून ठेवायचे, लाकूड फुगायला. विसरलात?”

सगळी भावंडं एकमेकांकडे बघत राहिली. ती भरलेली बोट! त्यात दिवसभर डुंबणं, आणि अप्पांचं काठावर बसून बघणं!

“म्हणजे ते,” बाळ हळूच म्हणाला, “आम्हाला डुंबायला नव्हतं?”

आईनं साडीचा ओला काठ पिळला. “लाकडाला चार दिवस पुरायचे. तुमच्यासाठी दोन दिवस जास्तच भरलेली ठेवायचे,” ती म्हणाली. “आता बसलाच आहात भिजून, तर डुंबा मेल्यांनो!”

आणि साठीच्या आसपासची ती सगळी पोरं डुंबायला लागली. भाऊजी तेवढे काठावर चढले. त्यांचं आदल्या दिवशीच झालं होतं!