स्वरूपाची गवताळ झाडं

निरवांगी ते बारामती अंतर ते केवढं, पण स्वरूपाच्या घरी येण्याचा विषय निघाला की ते परदेशाइतकं लांबायचं. "झाडांना बी धरू द्या, तात्या, मग येते," हे ती संक्रांतीपासून सांगत होती. संभाजीतात्यांना लेकीच्या नुसत्या आवाजावर दिवस काढायची सवय झाली होती. पण परवा फोनवर बोलता बोलता ती मध्येच म्हणाली, "डब्यातली भाकरी दगड हाय नुसती," आणि तात्यांना राहवेना. बायकोकडून धपाटी बांधून घेऊन ते आज सकाळीच प्रयोगशाळेच्या दारात हजर झाले. पोरीला घेऊनच परतायचं, असं ठरवून.

स्वरूपानं त्यांना काचेच्या खोलीत नेलं. दिव्यांच्या उजेडात वीतभर रोपं ओळीनं मांडलेली होती. "हीच ती," ती कौतुकानं म्हणाली. तेवढ्यात तिच्या मॅडमनी हाक मारली. "पाच मिनटं बसा हितं. आलेच."

जिच्यापायी लेक घर विसरली ती झाडं तात्यांनी नीट निरखली. एका बाजूची सरळ, गुणी. दुसऱ्या बाजूची बुटकी, पानं मुडपलेली, एका बुडातून ढीगभर फुटवे. ही तर गवताळ वाढ, उसावरचा रोग! उसात असं बेट दिसलं की माणूस जेवणाचं ताट सोडून पळतो. मुळासकट उपटायचं, बांधापलीकडं नेऊन जाळायचं, नाहीतर शेजारचं बेट गेलंच. पोर बिचारी सारखी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसलेली, तिच्या ध्यानात कसं येणार? तात्यांनी बाह्या सारल्या.

एकही मूळ मागं न ठेवता त्यांनी काम उरकलं, ती बुटकी रोपं उपरण्यात गुंडाळली आणि मागच्या दारच्या वॉचमनकडे, अल्लाबक्षकडे, काडेपेटी मागितली.

"काय जाळताय, तात्या?"

"रोग."

अल्लाबक्षचाही सणसरला ऊस होता. रोग म्हटल्यावर तो दुसरा प्रश्न कशाला विचारतो? ओली रोपं पेटेनात, तेव्हा त्यानंच रिकामी खोकी आणून दिली. धूर खिडकीतून आत गेला, आगीचा भोंगा बोंबलला आणि सगळे शास्त्रज्ञ पांढऱ्या कोटांनिशी बाहेर पळाले. स्वरूपा धावत आली.

"तात्या, तुमी बरं हाय ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझी बाकीची झाडंबी वाचली बघ!" तात्यांनी अभिमानानं राखेकडं बोट दाखवलं.

स्वरूपा राखेपाशी वाकली. "ती आजारी नव्हती, तात्या! म्हंजी व्हती, पन आमीच मुद्दाम तशी केली व्हती!"

"शिकूनसवरून झाडं आजारी पाडतीस?"

"पेशीत आरएनए म्हणून लांब धागा असतो. तो ऊस समजा. त्याच्यावर एक बारीक रासायनिक खूण बसती, कारखान्याची तोडीची चिठ्ठी असती ना, तशी. चिठ्ठी असली की तोडणीची टोळी येती अन् धाग्याची बारीक कांडी पाडती. तेच मायक्रोआरएनए. झाडानं कुठं, किती वाढायचं, त्याचा लगाम त्यांच्या हातात. आमी चिठ्ठ्या देणाराच कमी केला. टोळी फिरकंना, कांडी कमी पडली, अन् झाड असं फुटत सुटलं. किती कमी पडली, तेच तर मोजायचं व्हतं मला!"

टोळीची वाट बघण्यात तात्यांचा जन्म गेला होता. त्यांना सगळं समजलं.

"म्हंजी आता पुन्यांदा पेरायचं?"

"व्हय."

"मग घरी?"

स्वरूपानं मान वर केली. "तात्या, खरं सांगा. मला घरी न्यायला तर उपटली न्हाईत ना?"

"त्यासाठी आसतं तर सगळीच उपटली आसती की!" तात्या कळवळून म्हणाले. "तुझी लई आठवण येती गं. जेवताना तर घास उतरत न्हाय. पन म्हणून मी तुझं पीक मोडंन व्हय?"

स्वरूपाला हसू आणि रडू एकदमच आलं. आठवण काय एकट्या तात्यांनाच येत होती?

एवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी राख पाहिली, उपरणं पाहिलं आणि एक मोठा श्वास घेतला.

"त्या झाडांचं बी शिल्लक आहे ना?"

"हो. फ्रीजमध्ये आहे."

"आजच ओलं करून परत थंडीत ठेव. बियांची झोप पुरी होईपर्यंत तीन-चार दिवस तुला इथं काही काम नाही. तोवर तुझ्या वडिलांना घरी घेऊन जा. स्वतः. अगदी घरापर्यंत."

संध्याकाळी एसटीत स्वरूपा खिडकीशी बसली. तात्या बराच वेळ काहीतरी मनात घोळवत होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "लई गार केलं तर ते बी जास्त दीस निजतं का गं?"

"तात्या!"

"न्हाय, इचारलं आपलं."