पितळी इंटरकॉम

चांगल्या कामाला वेळ लागतो, हे सत्य सगळ्यांना मान्य आहे. वाईट कामालाही तेवढाच वेळ लागतो. पण त्यावर म्हण नाही, म्हणून ते कोणी बोलत नाही.

हे सत्य इतवारीतल्या भांडे ओळीत जेवढं पाळलं गेलं तेवढं नागपुरात इतरत्र पाळलं गेलं नसेल. तिथे मारोतरावांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. दुकान खाली, घर दोन जिने वर. लेकी लग्न होऊन गेलेल्या. वर सत्यवतीबाई एकट्या, खाली मारोतराव, आणि मधे सबंध इतवारी: हातठेले, टेम्पो, हमाल आणि भांड्यांची ठोकपीट. दुपारी स्वयंपाक झाला की सत्यवतीबाई अर्धा जिना उतरून हाक मारत. ती हाक शेजारच्या कापडवाल्या चंपतरावांना ऐकू जाई. मारोतरावांना जात नसे.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "अवो, एक घंटी लावून द्या ना. मी वरून बटन दाबीन, तुम्ही जेवाले या. रोज गार पोळी खाऊन राहिले तुम्ही."

"घंटी काहून वं?" मारोतराव म्हणाले. "लावाचं तं चांगल्यातलं लावू. बोलाचं यंत्र लावू. तू वरून बोल, मी खालून बोलतो."

"मले बोलाचं नाही. जेवाले बोलवाचं हाय."

परंतु निर्णय झालेला होता. घंटी सीताबर्डीवर कोणत्याही दुकानात मिळाली असती आणि संध्याकाळपर्यंत वाजली असती. जी वस्तू कोणालाही मिळते आणि लगेच वाजते, तिचा दर्जा तो काय असणार?

मारोतराव लकडगंजला दत्तोपंतांकडे गेले. लाकडाच्या वखारींमागे दत्तोपंतांची खोली होती आणि तिच्यावर पाटी होती: 'येथे कोणतेही इलेक्ट्रॉनिक यंत्र ऑर्डरप्रमाणे बनवून मिळेल.' (कधी मिळेल हे पाटीवर मावलं नव्हतं.) दत्तोपंत हाडाचे इंजिनिअर. एकदा बनवलेली वस्तू त्यांनी पुन्हा कधी बनवली नाही. "तोच माल दुसऱ्यांदा करायला मी काय कारखाना आहे?" असं ते म्हणत, आणि पहिल्या वस्तूची अवस्था पाहिली की लोकांना ते पटत असे.

ऑर्डरच्या मालाला खर्च जास्त का येतो, हे त्यांनी मारोतरावांना बसवून समजावलं. कंपनी हजार नग बनवते. तिची चूक हजारांत वाटली जाते. एकेका गिऱ्हाइकाच्या वाट्याला चिमूटभर येते. ऑर्डरच्या मालात सगळी चूक एकट्याला मिळते. तिच्यात वाटेकरी नसतो. मारोतरावांना हा हिशेब आवडला. वाटेकरी त्यांना धंद्यातही नको होते.

दोन महिन्यांत पहिलं यंत्र आलं. वरचा डबा, खालचा डबा, मधे तार. यंत्र बोलत होतं. वास्तविक प्रकरण इथेच संपलं असतं. पण मारोतरावांनी खालचा डबा उचलला आणि सवयीने तराजूत टाकला.

भांडे ओळीत माल पारखायची एक रीत आहे. वस्तू तोलायची, बोटाच्या पेराने टिचकी मारून नाद ऐकायचा, आणि मग विचारायचं: मोडीत काय भाव जाईल? म्हणजे उद्या ती फुटली, तर मागे काय उरेल. लग्नातली घागर असो की देवाचं तामण, हे विचारल्याशिवाय कोणी घेत नाही. ही रीत पितळेसाठी निघाली. यंत्राला ती लागू नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

"दत्तोपंत, हे तं अर्धा किलो बी नाही भरत."

"मारोतराव, आतले ट्रान्झिस्टर हलकेच असतात. त्यातच तर त्याची खुबी आहे."

"मोडीत काय जाईल?"

"मोडीत?" दत्तोपंतांनी चष्मा काढला. "मोडीत काही नाही."

"मंग एवढ्या पैशाची वस्तू गेल्यावर मागे काहीच राहणार नाही? असं कसं चालेल गा?"

म्हणून पत्र्याऐवजी पितळेचा डबा करायचं ठरलं. पितळ मारोतरावांचं, जाड गेजचं. इथून पुढे सुधारणांनी सुधारणांना जन्म दिला. पितळी डब्यात आवाज घुमायला लागला. 'हॅलो' म्हटलं की विहिरीतून कोणी हाक मारतं आहे असं वाटे. म्हणून आतून लोकरीचा नमदा लावला. नमद्याने यंत्र तापलं. (मे महिन्यात नागपुरात यंत्र तापलं नाही तर तेच बिघाडाचं लक्षण समजावं.) म्हणून डब्याला भोकं पाडली. भोकांतून पाली आत गेल्या. म्हणून जाळी बसवली. जाळीने आवाज अडला. आवाज वाढवायला मोठा ट्रान्सफॉर्मर घातला. तो सारखा गुणगुणू लागला. गुणगुण काढायला मुंबईहून एक भाग मागवला. तो आला तेव्हा दुसऱ्याच आकाराचा होता, म्हणून डबा नव्याने करावा लागला. शिवाय वजन राखायला काही जादा ट्रान्सफॉर्मर आत नुसते बसवले. ते कशालाच जोडलेले नव्हते, त्यामुळे कधी बिघडले नाहीत. दर्जा म्हणतात तो हाच.

प्रत्येक टप्प्यावर चंपतराव येऊन डबा उचलून पाहत आणि मान डोलवत. "वजन हाय गा," ते म्हणत. बोलतो का, असं त्यांनी विचारलं नाही. ओळीत कोणीच विचारलं नाही.

या काळात घरी तूर्त व्यवस्था म्हणून सत्यवतीबाईंनी एक दोरी जिन्याच्या पोकळीतून खाली सोडली आणि तिला पोचा आलेला, न खपणारा एक लोटा बांधला. लोटा मारोतरावांच्या गादीमागे भिंतीशी लोंबत असे. एक हिसका म्हणजे जेवायला या. दोन म्हणजे चहा. दणादणा वाजला तर व्याही आले आहेत, सदरा घालून या. बिघाडाची नोंद एकच: उंदराने एकदा दोरी कुरतडली, सत्यवतीबाईंनी गाठ मारली. लोटा वाजला की मारोतराव वर जात आणि पोळी गरम असे. त्यांना या व्यवस्थेची लाज वाटे. गिऱ्हाइकासमोर वाजला तर ते म्हणत, "हे जरा दोन दिवसांचं हाय. चांगल्यातलं बनून राहिलं."

"झालं का तुमचं यंत्र?" सत्यवतीबाई पोळी वाढताना विचारत.

"होऊन राहिलं."

"लवकर होऊ नोका देऊ. लोट्याले वाईट वाटेल."

मारोतराव हसत. ते हसत असताना त्या आणखी एक पोळी वाढून टाकत.

तिसऱ्या वर्षी भादव्यात सत्यवतीबाई तापाने पडल्या. कामाच्या वेळापत्रकात हे धरलेलं नव्हतं. दोरीचं वरचं टोक खाटेच्या दांडीला बांधलं. हिसका आता अगदी हलका असे, पण भर बाजारात तो मारोतरावांना पहिल्या खेपेला ऐकू जाई, हे तांत्रिकदृष्ट्या नमूद करण्याजोगं आहे. मग एक दिवस लोटा वाजला नाही. त्यात लोट्याचा दोष नव्हता.

यंत्र दिवाळीनंतर तयार झालं. दत्तोपंत ते दोन हमालांकरवी घेऊन आले. उशीर झाल्याबद्दल त्यांना वाईट वाटलं. पण घाईत केलं असतं तर दर्जा राहिला नसता, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. गादीमागचा लोटा दोरीवरून सोडला. तिथे ठोकलेल्या खिळ्याला यंत्राचं वजन पेलेना, म्हणून भिंतीत दोन लोखंडी कड्या ठोकल्या. ओळीतली माणसं जमली. टिचकी मारून झाली. दत्तोपंत चाचणीसाठी वर गेले.

"मारोतराव, ऐकू येतंय?"

गुणगुण नव्हती, घुमारा नव्हता. माणसाने कानाशी येऊन बोलावं तसा आवाज होता.

"येऊन राहिलं," मारोतराव म्हणाले.

"आता काय बोलू?"

मारोतरावांनी काढलेला लोटा गादीवर ठेवला. मग म्हणाले, "जेवाले या म्हणा."

"जेवायला या," यंत्र म्हणालं.

मारोतरावांनी गल्ला बंद केला. रांजणाशी जाऊन हात धुतले. पंच्याला पुसले आणि दोन जिने चढून वर गेले. चूल सारवलेली होती. दत्तोपंत हातात तार धरून उभे होते. 

"आवाज साफ आहे ना?" दत्तोपंतांनी विचारलं.

"साफ हाय," मारोतराव म्हणाले. "चांगल्यातलं झालं."

ते यंत्र आजही भिंतीवर आहे आणि त्यात एकही बिघाड नाही. भांडे ओळीतली तिघं-चौघं दत्तोपंतांकडे तशीच ऑर्डर देऊन आली आहेत. (तसंच मिळणार नाही, हे दत्तोपंतांनी आधीच सांगितलं आहे.) लोटा पुन्हा दुकानात ठेवला, एकाने मोडीचा भाव विचारला, तर मारोतराव म्हणाले, विकाचा नाही.

तुमच्याही घरी कोणी काही साधंसं मागितलं असेल आणि तुम्ही चांगल्यातलं शोधत थांबला असाल. योग्यच आहे. घाई करू नये, टिचकी मारून, तोलून घ्यावं. दत्तोपंत दहा वर्षांची गॅरंटी देतात. यंत्राची.