सतरा नंबरची होडी

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत सकाळी सहा ते सात पाणी येतं. त्या तासात लोक बादल्या भरतात, पिंपं भरतात, आणि चौलकर काका होडीला पाणी पाजतात.

हे मी गमतीने लिहीत नाही. पार्किंग नंबर सतरामध्ये, जिथे नियमाने त्यांची मोटार हवी, तिथे दोन चाकांच्या गाड्यावर एक जुनी, चौदा फुटी, लाकडी शिडाची होडी उभी आहे. मोटार बाहेर रस्त्यावर, कडुनिंबाखाली, कावळ्यांच्या हवाली. होडीवर मात्र गोणपाटं पांघरलेली. काका ती भिजवतात, दोन बादल्या पाणी आत ओततात आणि मग फळीला कान लावून ऐकतात. समुद्र इथून किती लांब आहे ते मी सांगायला नको. यमुना जवळ आहे, पण आजच्या यमुनेत होडी घालायची म्हणजे होडीशी काही जुनं वैर असावं लागतं.

"साब, नाव प्यासी है," असं आमचा गार्ड रामअवतार मला पहिल्यांदा म्हणाला, तेव्हा ऊन त्याच्या डोक्यात गेलंय असं मला वाटलं.

मला राग का येतो तेही सांगतो. माझं गाव जत तालुक्यातलं. वडील फौजेत हवालदार, बरीच वर्षं इथेच दिल्ली कँटला. आई गावी, आणि मी आईबरोबर टँकरच्या रांगेत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इंजिनिअरिंगची डिग्री मी फ्रेम करून हॉलमध्ये लावली आहे आणि त्याबद्दल मला कोणी हसू नये. आज मानेसरला मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो. ज्या पाण्यापायी माझी शाळा बुडाली, ते कुणी लाकडाला पाजावं, आणि तेही क्लास वन म्हणून रिटायर झालेल्या माणसाने, हे माझ्याच्याने बघवत नाही. त्यात सोसायटीचा सेक्रेटरी मीच.

मी पहिल्यांदा जाब विचारायला गेलो तेव्हा काकांनी बोट ओलं करून हवेत धरलं. ही त्यांची सवय. लिफ्ट बंद पडो, लाइट जावो, भाजीवाला न येवो, हा माणूस आधी बोट ओलं करणार आणि म्हणणार, "वारा बघा आधी." वारा बघून झाल्यावर त्यांनी मला समजावलं. फळ्या जोडून केलेली होडी. दिल्लीच्या उन्हात लाकूड सुकतं, आकसतं, फटी पडतात.

"फटी पडल्या की तळ्यात टाकल्याबरोबर ती पाणी पिणार, इंजिनिअर," काका म्हणाले. "त्यापेक्षा इथे पाजलेलं काय वाईट?"

म्हणजे होडीत पाणी शिरू नये म्हणून होडीत पाणी ओतायचं. 

काका मूळचे अलिबागकडचे, पण सगळी नोकरी दिल्लीत, सगळा संसार लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये. यमुनेच्या काठी शिडाच्या होड्यांचा एक क्लब होता. तो बंद पडला तेव्हा ही होडी त्यांनी जुन्या स्कूटरच्या भावात उचलली. स्कूटर असती तर निदान ती कधी ना कधी भंगारात गेली असती. ही जात नाही. शीड फाटलं की काका करोल बागेत जातात, मोटारीच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या एका सरदारजींकडे. ते दर वेळी विचारतात, "कौन सी गाडी है, साहब?" दर वर्षी व्हार्निश. गाड्याचे टायर. आणि एवढं करून वर्षातून दोनदा, टेम्पोमागे बांधून, हरियाणात सोहन्याकडच्या तळ्यावर दोन तास. त्या दोन तासांच्या खर्चात माणूस विमानाने गोव्याला जाऊन खरा समुद्र बघून येईल, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

"बिल्कुल," ते म्हणाले. "आता तुमच्या त्या डिग्रीचं सांगा. फ्रेम कितीला पडली?"

मी आकडा सांगितला.

"मग डिग्री तेवढ्याचीच म्हणायची?"

त्यानंतर दोन महिने मी त्या माणसाशी बोललो नाही.

पण पाणी एक वेळ परवडलं, वाळू नको. होडीत डोलकाठीपाशी कॅनव्हासची एक पिशवी दोरीने बांधलेली होती. वाळूने भरलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी काका ताणकाटा घेऊन खाली यायचे, पिशवी सोडायचे, मगाने थोडी वाळू काढायचे, पिशवी काट्याला लावायचे, चष्मा कपाळावर नेऊन आकडा बघायचे आणि पिशवी परत बांधायचे. काढलेली वाळू तुपाच्या एका रिकाम्या डब्यात, झाकण घट्ट लावून. ओल्या फरशीवर वाळू सांडायची आणि पहिल्या मजल्यावरच्या भल्लाजींची स्कूटर त्यावर घसरायची. भल्लाजी काकांना काही बोलायचे नाहीत. ते मला बोलायचे.

वाळू कशाला, असं मी एकदा विचारलं. "वजन लागतं," एवढंच काका म्हणाले. वजन लागतं तर दर महिन्याला काढता कशाला, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. बोटसुद्धा ओलं केलं नाही.

या वर्षी एप्रिलमध्येच पाण्याची पार दैना झाली. सहा ते सातचे सहा ते सव्वासहा झाले. टँकर आला की गेटवर हातघाई. आणि त्यातही काका एक बादली घेऊन सतरा नंबरकडे. शेवटी मीटिंग झाली. पंधरा दिवसांत होडी हलवावी, नाहीतर सोसायटी ती भंगारवाल्याला देईल, असं एकमताने ठरलं. काका मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर बसून होते. बाजू मांडा म्हटलं तर मान हलवली, म्हणाले, चलो, ठीक है. नोटीस मी स्वतः लिहिली. इंग्रजीत, नियमांच्या कलमांसकट. चांगली झाली होती. वैशालीला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवली तर ती म्हणाली, एवढं चांगलं पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नाहीत.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नोटीस घेऊन मी वर काकांकडे गेलो. दार उघडंच होतं. हॉलच्या मधोमध काकू वजनकाट्यावर उभ्या होत्या. पोटाच्या ऑपरेशननंतर त्या बाहेर पडत नाहीत हे मला माहीत होतं, पण इतक्या वाळल्या असतील याची कल्पना नव्हती. काका त्यांच्या पायाशी गुडघे टेकून आकडा वाचत होते आणि काकूंचा हात आधारासाठी त्यांच्या डोक्यावर होता.

"बेचाळीस आणि दोनशे," काका म्हणाले.

"गेल्या महिन्यात त्रेचाळीस होतं ना? काढा मग वाळू," काकू म्हणाल्या, आणि त्यांना मी दिसलो. "या ना. बसा. नोटीस आणलीय ना? द्या इकडे."

मी नोटीस पाठीमागे धरली. शाळेत धरायचो तशी.

काकूंनीच सांगितलं. ती होडी दोघांची. मागे सुकाणूवर एक, पुढे शिडाच्या दोरीवर एक. वीस-बावीस वर्षं पुढची जागा त्यांची. आता डॉक्टर नको म्हणतात. "यांना म्हटलं, दुसरं कोणीतरी बसवा. तर म्हणे, होडीला तुझ्या वजनाची सवय आहे, उगीच बिघडेल. परत आले की मला सगळं सांगतात. कुठे कलली, कुठे सावरली. पिशवीत माझंच वजन असतं, त्यामुळे मला बरोबर कळतं."

मला रागच आला. खरं सांगतो, आधीपेक्षा जास्त. मी काकांना म्हणालो, "हे मीटिंगमध्ये बोलायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का?"

काका गुडघ्यांवर हात देऊन उठले.

"भल्लाजींसमोर बायकोचं वजन सांगू?"

या माणसाचं हेच मला सहन होत नाही.

मी घरी आलो. स्वयंपाकघरात पाण्याच्या फिल्टरची पांढरी नळी सिंकमध्ये सोडलेली होती आणि तिच्यातून टाकाऊ पाणी वाहत होतं. प्यायच्या एका लिटरमागे त्याहून जास्त पाणी आपण असं वाया घालवतो, आणि मीटिंगमध्ये यावर कोणी एक शब्द काढला नव्हता. सेक्रेटरीनेही नाही. मी नळीखाली बादली ठेवली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मजल्यावर नोटीस लावली, तीही इंग्रजीत: फिल्टरचं टाकाऊ पाणी गार्डकडे जमा करावं. पुढच्या मीटिंगमध्ये सांगितलं, होडी आता नळाचं पाणी पीत नाही, म्हणजे तक्रारीचा मूळ मुद्दाच उरत नाही. भल्लाजी म्हणाले, वाळूचं काय? वाळू मी स्वतः झाडीन, म्हणालो.

काकांनी पहिल्या बादलीतल्या पाण्याचं बोट चाखलं. "किंचित खारट लागतं," म्हणाले. "बरं झालं. खारं पाणी लाकडाला मानवतं."

आभार वगैरे काही नाही. पार्किंगमध्ये होडी ठेवायला माझा आजही विरोध आहे, आणि हे मी त्यांना रोज सकाळी बादली देताना सांगतो.

मागच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी झाडू घेऊन खाली गेलो. काकांनी पिशवी सोडली होती. पण वाळू काढायचा मग आज हातात नव्हता. त्यांनी तुपाच्या डब्याचं झाकण उघडलं होतं आणि चमचा चमचा वाळू पिशवीत परत घालत होते.

"किती?" मी विचारलं.

"तीनशे ग्रॅम."

पिशवी बांधताना त्यांची बोटं वाळूने भरली होती. "इंजिनिअर," ते मान वर न करता म्हणाले, "जरा वारा बघा."

मी बोट ओलं केलं आणि वर धरलं. ऐन जूनची सकाळ. होडीवरचं गोणपाट हलत नव्हतं, बाहेर कडुनिंबाचं पान हलत नव्हतं.

"आहे," मी म्हणालो. "चांगला आहे."