तीन नद्यांपलीकडची सवत

“खाल्लंस का गं माझे बाई? खा, खा. तुझ्यासाठीच आणलंय.”

स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता सरूबाईंचा हात परातीतच थांबला. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या तोंडून त्यांनी एकच नाव ऐकलं होतं, ते म्हणजे ‘अगं ए’. पिठाचे हात पदराला पुसत, मनातल्या मनात लाजत त्या बाहेर आल्या. कारभारी दिवाणावर मांडी घालून बसले होते आणि मांडीवरच्या टॅबमध्ये एका पांढऱ्या घोडीला सफरचंद भरवत होते.

“अवो, मला म्हणलं का?”

“तुला कामून म्हणीन? लाडीला म्हणलं.”

सरूबाई परत आत गेल्या. तव्यावरची भाकरी करपली होती.

या लाडीच्या वेडाला कारण झाली सून, राजनंदिनी. गावची शेती बटईनं दिली, बैल भावकीत गेले आणि कारभारी मुलाकडं शहरात, मुकुंदवाडीत राहायला आले. दुसऱ्या मजल्यावर ना गोठा, ना शेण, ना हंबरणं. सासऱ्याची करमणूक म्हणून राजनंदिनीनं टॅबवर हा खेळ घालून दिला. त्यात चौकोनी झाडं, चौकोनी डोंगर आणि रानभर हिंडणारी जनावरं. ती शोधायची, माणसाळवायची, आपल्या वाड्यात आणायची.

“मामा, एकदम अंगावर जायचं नाही,” तिनं शिकवलं होतं. “हातात खायला धरायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, अन् गप उभं ऱ्हायचं. ती आपणहून आली तर आली. बुजली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.”

कारभाऱ्यांनी त्या घोडीसाठी डोंगर पालथे घातले. एकदा कड्यावरून पडून मेले, दोनदा दलदलीत बुडून मेले, आणि प्रत्येक वेळी जिवंत होऊन जेवायला आले. शेवटी एका तळ्याकाठी घोडीनं त्यांच्या हातचं सफरचंद खाल्लं, तिच्या डोक्यावर लाल बदाम उगवला, आणि सरूबाईंच्या घरात सवत आली.

आता दिवसभर तेच. “लाडे, ऊन लागलं का?” “लाडे, दमलीस का?” सरूबाईंचे गुडघे दोन पावसाळे ठणकत होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं मागणं तरी केवढं? ‘जेवलीस का’ एवढं एक वाक्य. ते घोडीला दिवसातून दहादा मिळत होतं. भांडी घासताना त्यांच्या ओठावर ओवी आली:

“माझ्या गं धन्याला, लागलं घोडीचं याड,
मला म्हणं ‘अगं ए’, तिचे पुरवितो लाड.”

एका सकाळी कारभारी चष्मा बदलायला शहागंजला गेले. घोडीकडं बघून बघून नंबर वाढला होता. राजनंदिनी आपल्या खोलीचं दार लावून ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगला बसली होती. सरूबाईंनी टॅब उचलला.

त्यांना माहेरची गोष्ट आठवत होती. दूध पिणाऱ्या चोरट्या मांजरीला आई पोत्यात घालायची आणि ओढ्यापलीकडं सोडून यायची. पाणी ओलांडलं की मांजर परतत नाही. ही तर घोडी. हिला एक ओढा पुरायचा नाही. तीन नद्या ओलांडायच्या, असं त्यांनी ठरवलं.

नवऱ्याच्या खांद्यावरून पाहून पाहून बोटं कुठं ठेवायची ते कळलं होतं. त्यांनी हातात गव्हाची पेंढी घेतली, वाड्याचं फाटक उघडलं आणि म्हणाल्या, “चल गं भवाने.”

भवानी आली. तिच्यामागं शेळ्या आल्या. शेळ्यांमागं मेंढ्या, मेंढ्यांमागं कोंबड्या आणि सगळ्यांत शेवटी एक डुक्कर. पेंढी दिसली की जनावर मागं लागतं, हा त्या खेळाचा नियम. पेंढी खाली कशी ठेवायची, ते काही सरूबाईंना ठाऊक नव्हतं.

“हाड! हाड! मागं फिरा की मुडद्यांनो!” त्या टॅबवर ओरडल्या. कुणी फिरलं नाही. पहिली नदी, दुसरी नदी, तिसरी नदी. कोंबड्यासुद्धा पोहत आल्या. सवतीला घालवायला निघालेल्या सरूबाईंच्या मागं वऱ्हाडच लागलं होतं.

तिसऱ्या नदीपलीकडं पोचल्यावर घोडीनंच पेंढी खाल्ली. डोक्यावर बदाम उगवला. बाकीची जनावरं पांगली. खेळातला दिवस मावळला, झाडीत लांडग्यांचे डोळे चमकले आणि सरूबाईंनी वळून पाहिलं, तर सगळीकडं सारखीच चौकोनी झाडं. मांजरीला पोत्यात घालतात ते तिला वाट दिसू नये म्हणून. इथं पोतं राहिलं, आणि वाट चुकली ती सोडणारीच.

“राजनंदिनी! अगं, लांडगे आले!”

“आत्या, पाच मिनिटं! साहेब बोलू ऱ्हायले!”

घाबरून सरूबाईंनी दिसेल तिथं बोटं दाबली, आणि कशा कोण जाणे, घोडीच्या पाठीवर बसल्या. घोडी निघाली. माणसाळलेलं जनावर आपला गोठा विसरत नाही. अंधारातून, पाण्यातून, ती टापा वाजवत चालली. सरूबाईंचा आवाज खाली आला.

“हळू गं बाय. दगूड हाय पुढं. दमलीस का? मीच मेली वाईट. तुला सोडाया निघाले व्हते.”

कारभारी नवा चष्मा लावून घरात शिरले, तर बायको दिवाणावर मांडी घालून बसलेली. त्यांनी टॅबमध्ये डोकावलं. वाड्यात लाडी तेवढी उभी होती, बाकी सगळा रिकामा.

“माझ्या शेळ्या?”

“तीन नद्यांपलीकडं.”

“अन् कोंबड्या?”

“त्या बी तिकडंच.”

“कामून नेल्या?”

“नेल्या नाय. आल्या.”

कारभाऱ्यांनी गडबडीनं टॅब घेतला, लाडीपुढं सफरचंद धरलं. लाडीनं तोंड फिरवलं. आवाज ऐकून बाहेर आलेल्या राजनंदिनीनं निकाल दिला, “मामा, आत्याच्या हातचं खाल्लं, त्यांना पाठीवर घेतलं. आता ती त्यांची.”

त्या दिवसापासून दिवाण सरूबाईंचा झाला. “लाडे, तहान लागली का? लाडे, माशा चावत्यात का?” दोघी मिळून हरवलेल्या शेळ्या शोधत रानोमाळ हिंडत. कारभारी गॅलरीतून आत आणि आतून गॅलरीत फेऱ्या मारत.

“अगं ए, चहा.”

सरूबाई शेळीच्या मागावर होत्या.

“एवढी माया कधी माणसांवर केली नाय कुणी,” ते भिंतीला म्हणाले.

एका दुपारी दोन वाजून गेले तरी ताटं वाढली गेली नाहीत. कारभारी दिवाणासमोर आले. खाकरले. जड अवजार उचलावं तसं ते वाक्य त्यांनी उचललं.

“सरू... जेवलीस का?”

“श्श!” सरूबाईंनी मान वर केली नाही. “शेळी दिसलीया. बुजंल ती.”

कारभारी स्वयंपाकघरात गेले. डबे वाजले. सकाळची भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा ताटलीत घेऊन ते परत आले, बायकोपासून हातभर अंतरावर थांबले, आणि ताटली पुढं धरून, नजर दुसरीकडं वळवून, गप उभे राहिले.

मीटिंग संपवून राजनंदिनीनं दार उघडलं. सासूबाईंचा एक हात टॅबवरून सुटला होता आणि न बघताच, हळूहळू, ताटलीकडं सरकत होता.

ती पाय न वाजवता मागं झाली आणि तिनं दार अलगद लोटून घेतलं. आत्ता बुजलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.